गोधडी द्यायचीय ना, मग आधी हे वाच

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. दिवाळीला घरच्यांना आणि मित्रमंडळींना मिळून बारा गोधड्या हाताने शिवून द्यायच्या म्हणतोस, वाचून खूप बरं वाटलं, पण बारा नको. रोज तास-दोन तास बसून धावदोरा घातला तरी एका मोठ्या गोधडीला महिना-दीड महिना सहज जातो, त्यामुळे या वर्षी तिघंच घे, निफाडची आजी, ताईचं येणारं बाळ आणि तो तुझा हॉस्टेलवरचा मित्र. बाकीच्यांना पुढच्या वर्षी दे, कुणी रुसणार नाही.

कापड मात्र मेन रोडवरून नवं आणू नको. ज्याला द्यायची त्याच्याच घरातलं जुनं सुती कापड माग, आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, मित्राच्या आईच्या कॉटनच्या साड्या. जुनं सुती कापड धुवून धुवून आटायचं तेवढं आटलेलं असतं, मऊ झालेलं असतं, आणि त्यात नवं मिसळलंस की पहिल्याच धुण्यात नवं आटतं, जुनं तसंच राहतं आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. आणि पांघरल्यावर माणसाला कळतं ना हा काठ कुणाचा ते! माझ्या भाच्याच्या गोधडीला डोक्याकडच्या बाजूला त्याच्या आजीच्या लुगड्याचा हिरवा काठ लावलाय, तो अजूनही लाइट बंद केल्यावर हाताने चाचपून तीच बाजू वर घेतो.

साडी मिळाली की खिडकीच्या उजेडात धरून बघ, जिथून पलीकडचं दिसतं तो भाग विरलाय, तो मधल्या थरात घाल. दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघ, टर्रकन फाटलं तर पुसायला ठेव. लाल, जांभळ्या रंगावर ओला पांढरा रुमाल दाबून बघ, रंग लागला तर ते कापड वेगळं धू. सिंथेटिक साडी कुणी कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नको, ती सुईखाली सरकते आणि अंगावर घाम येतो. आणि येवल्याची जुनी पैठणी कुणी पुढे केली तर हात जोड, जुनं रेशीम घडीवर चिरतं आणि जर टोचते, तिची गोधडी करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आजीची. थंडीत निफाडला पारा किती खाली जातो तुला माहितीच आहे, म्हणून तुला वाटेल पाच-सहा थर घालावेत, पण ती गोधडी नळाखाली धुणार कोण, पिळणार कोण? आजीच. भिजलेलं सुती कापड केवढं जड होतं ते एकदा बादलीतून साडी उचलून बघ. तिला तीनच थरांची कर, फार थंडी पडली तर ती दोन पांघरेल. मित्राची चार थरांची चालेल, तो मशीनला लावणार, म्हणून त्याचे टाके जवळजवळ घाल. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर असते, सात-सात फुटांचे दोन तुकडे निघून पदर उरतो. दोन तुकडे उभे जोडून पाच फूट रुंदी ठेवलीस की एका माणसाला भरपूर झालं, पदर वरच्या थराला मधोमध लाव.

बाळाचं दुपटं तीन फूट बाय तीन फूट पुरे, दोन थर, सगळ्यात मऊ कापड बाळाच्या अंगाकडे. टिकल्या, आरसे, बटणं काही नको, दोऱ्याच्या गाठी थरांच्या आत. आणि ताईला सांग, तान्हं असेपर्यंत हे खाली अंथरायला, झोपेत तोंडावर येईल असं पांघरायला नको.

खरं काम इथून पुढे. फरशी पुसून घे, खालचा थर पसर, चार कोपऱ्यांवर वजन ठेव, मग एकेक थर टाकताना तळहाताने मधून कडेकडे सरकवत जा. कच्चा टाका मधूनच सुरू कर, वीतभर अंतरावर, म्हणजे चुणी बाहेर निघून जाते. हे करायला कंटाळा येतो आणि लोक इथेच घाई करतात, मग शेवटी खालच्या बाजूला घडी शिवली जाते आणि ती उसवण्याशिवाय इलाज नसतो. कडा आत दुमडून पक्क्या केल्यास की आपल्याकडच्या रीतीने कडेपासून आत आत चौकोनी फेऱ्या घालत ये, दोन ओळींत एक बोट अंतर. जुन्या कापडाला हे टाकेच धरून ठेवतात, विरलेला भागसुद्धा त्यांच्यामुळे पुढे टिकतो, म्हणून अंतर वाढवायचा मोह आवर. दर दोन-तीन ओळींनी डावा हात खालून फिरव, चुणी हाताला लागते, डोळ्याला दिसत नाही. दाभण वापरू नको, भोकं मोठी पडतात, लांब बारीक सुई घे, बोटात अंगुस्तान घाल, दोरा सुती आणि हातभरच, लांब घेतलास की गुंता होतो.

सध्या श्रावण आहे, धुतलेलं दोन-दोन दिवस ओलसर राहतं, आणि असं ओलसर कापड थरात गेलं की वास बसतो. आत्ता नुसतं कापड गोळा कर, निवड, काप, दुपट्याला हात घाल. मोठ्या दोन्ही ऑक्टोबरच्या उन्हात कापड खडखडीत वाळवूनच सुरू कर, दिवाळी हुकली तर हुकली, आजीला डिसेंबरच्या आत मिळाली की झालं.

दुपट्याच्या पहिल्या चार ओळी झाल्या की मागच्या बाजूचा फोटो पाठव, पुढची बाजू मला नंतर दाखवलीस तरी चालेल.

तुझी,
काकू