स्कोडाची नवीन ऑक्टाव्हिया आरएस मॅन्युअल गिअरमध्ये मिळेल का?

नाही, आणि वाट बघण्यातही अर्थ नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये भारतात परतलेली आरएस पूर्ण तयार आयात झाली, फक्त 100 गाड्या, सगळ्या 7 स्पीड डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या. इथे मॅन्युअल मागून फायदा नाही, कारण 265 पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्ती) या इंजिनासोबत स्कोडा युरोपातही मॅन्युअल देत नाही. आधीच्या 245 पीएसच्या गाडीला तिकडे 6 स्पीड मॅन्युअल मिळायचा.

बदलून घेऊ म्हणाल, तर नुसता गिअरबॉक्स पुरत नाही. क्लच, फ्लायव्हील, पेडल, गिअर लिव्हर, केबल, शिवाय इंजिन, एबीएस आणि मीटरचं कोडिंग. यातलं एखादं मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक युनिट) जुळलं नाही की मीटरवर दिवे पेटून राहतात. वॉरंटी जाते, आणि कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल आरटीओत अडकतो तो वेगळाच.

मॅन्युअल आरएसच हवी असेल तर 2004 च्या सुमाराची जुनी शोधा: 1.8 टर्बो, 150 पीएस, 5 स्पीड, आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातच जुळवलेली. घेताना टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप कधी बदलले ते विचारा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. इंजिन अडखळत असेल तर आधी इग्निशन कॉइल बघा. टर्बोचे रबरी पाइप चिरले असतील तर ओढ कमी लागते. मराठवाड्याच्या उन्हात रेडिएटर फॅनच्या दोन्ही स्पीड चालतात का, हे एसी लावून तपासाच. 15 वर्षं उलटलेली असल्याने नोंदणीचं नूतनीकरण झालंय का तेही पाहा, नसेल तर व्यवहार थांबवा.