यादी मिटून ठेव आणि वाक्य लिही

प्रिय मुली,

बँकेच्या आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांसाठी इंग्रजी फ्रेझल व्हर्ब्जची (क्रियापद आणि छोटा शब्द यांच्या जोड्यांची) आणि वाक्प्रचारांची जी लांबलचक यादी तू पाठ करते आहेस, ती आधी मिटून ठेव. 'पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे' एवढ्या पाठांतरावर चारांतला बरोबर पर्याय निवडता येईल. पण मुलाखतीत किंवा अर्जात स्वतःचं वाक्य करायची वेळ आली की अडखळशील, कारण कर्म कुठे येतं आणि पुढे क्रियापदाचं कोणतं रूप लागतं, हे त्या यादीत नाहीच.

खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकून बेळगावात इंग्रजी माध्यमात आलेल्या मुलांना आपण मागे पडलो असं वाटतं. या विषयात तरी तसं नाही. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांतला फरक तुला कुणी शिकवला नाही, तो कानानेच आला. बाजारात, बसमध्ये ऐकलेल्या कन्नडमधलं 'तिंदुबिडु', 'माडिबिडु' तेच काम करतं. इंग्रजीत हे काम क्रियापदामागून येणारा छोटा शब्द करतो. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे खाऊन संपव. 'यूज अप', 'टेअर अप', 'क्लीन अप' यांतल्या 'अप'चा 'वर'शी काही संबंध नाही, काम पुरतं झालं एवढंच तो सांगतो. 'ऑफ'मध्ये बहुधा तुटणं, दूर होणं किंवा बंद होणं असतं: 'कट ऑफ', 'स्विच ऑफ'. 'आउट'मध्ये कधी उघड होणं ('फाइंड आउट'), कधी संपणं ('रन आउट'), कधी वाटप ('हँड आउट'). प्रत्येक जोडी या खुणेत बसणार नाही. न बसणारी वेगळी लिहून ठेव, ओढूनताणून बसवू नकोस.

म्हणून वहीची पानं क्रियापदांनुसार पाडू नकोस. 'गेट'ची वीस रूपं एकाखाली एक लिहिली की ती एकमेकांत मिसळतात. पान 'आउट'चं कर, 'ऑफ'चं कर. रोज पाचच घे आणि प्रत्येकाचं कर्मासह पूर्ण वाक्य लिही. दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने मराठी अर्थ वाचून इंग्रजी वाक्य आठव. उलट दिशेने, म्हणजे इंग्रजी वाचून अर्थ आठवणं सोपं असतं, आणि त्यामुळेच येतंय असा भास होतो.

आता कर्माची जागा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून नीट बघ. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ' हेही चालतं. पण मीटिंगऐवजी सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चूक. उलट 'लुक आफ्टर' (काळजी घेणे), 'रन इंटू' (अचानक भेटणे) यांची जोडी फुटत नाही: 'लुक आफ्टर हिम', कधीच 'लुक हिम आफ्टर' नाही. तीन शब्दांचे 'पुट अप विथ' (सहन करणे), 'रन आउट ऑफ' (जवळचं संपणे) हेही फोडायचे नाहीत. 'लुक फॉरवर्ड टू'च्या (आतुरतेने वाट पाहणे) पुढे नाम किंवा 'इंग'वालं रूप येतं: 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. अर्जाच्या शेवटी 'टू मीट यू' लिहिलेलं सर्रास दिसतं. तो 'टू' शब्दयोगी आहे, क्रियापदाचा नव्हे, एवढं लक्षात आलं की ही चूक सुटते. चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात, मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी हे सगळं दिलेलं असतं. काहींत दुतोंडी बाण असतो, म्हणजे कर्म दोन्ही जागी चालतं. अर्थाआधी ती खूण वाचायची सवय लाव.

कर्म आहे की नाही यावरूनही अर्थ फिरतो. सांबऱ्याहून विमान 'टेक्स ऑफ', तिथे कर्म नाही. देवळाबाहेर 'टेक ऑफ युअर शूज', तिथे आहे.

लिहिताना आणखी एक. चोर्ला घाटात बस बंद पडली तर 'द बस ब्रोक डाउन', दोन शब्द, आणि बोलताना जोर 'डाउन'वर. त्याचं नाम 'ब्रेकडाउन' एक शब्द, जोर 'ब्रेक'वर. 'लॉग इन' आणि 'लॉगिन', 'बॅक अप' आणि 'बॅकअप' यांचंही तसंच.

वाक्प्रचारांमध्ये धोका वेगळा आहे. अनोळखी वाक्प्रचार आपण कोशात बघतो. ओळखीचा वाटणारा बघत नाही आणि तिथेच फसतो, विशेषतः हात-पाय-डोळे आले की. 'पुल समवन्स लेग' म्हणजे गंमत म्हणून थाप मारणे. आपल्याकडे पाय ओढणारा दुसऱ्याची प्रगती अडवतो. 'वॉश युअर हँड्स ऑफ' म्हणजे हात झटकणे. वाहत्या गंगेत हात धुऊन घेणं याच्या अगदी विरुद्ध. 'सी आय टू आय' म्हणजे एकमत असणे, आणि ते बहुतेक नकारात येतं: 'दे डोन्ट सी आय टू आय'. डोळ्याला डोळा भिडवण्याशी त्याचं नातं नाही. 'कीप ॲन आय ऑन द बॅग' म्हणजे बॅगेकडे लक्ष ठेव. पण 'हॅव युअर आय ऑन' म्हणजे आपल्यासारखंच, एखाद्या वस्तूवर डोळा असणं. एका क्रियापदाने राखणदार बदलून इच्छुक होतो.

काही मात्र खरंच जुळतात: 'बर्न युअर फिंगर्स' म्हणजे हात पोळून घेणे, 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे डोळेझाक करणे. वहीत जुळणारे आणि फसवे असे दोन रकाने कर. फसव्यांची उजळणी जास्त वेळा.

वाक्प्रचारातले शब्द बदलायचे नाहीत, काळ आणि 'युअर', 'समवन्स' यांच्या जागचा शब्द तेवढा बदलतो. आणि 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आपल्या पुस्तकांत अजून असलं, तरी आजच्या बोलण्यात ते जुनाट वाटतं. खानापूरच्या पावसाला 'इट्स पोअरिंग' पुरेसं आहे.

आपल्याकडच्या इंग्रजीतल्या काही सवयी मात्र बाहेर चालत नाहीत. 'पास आउट'चं बघ. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात प्रशिक्षण संपवणारा जवान 'पासेस आउट' बरोबरच आहे, सैन्यात तो शब्द तसाच चालतो. पण 'आय पास्ड आउट इन २०२३' हे परदेशी मुलाखतकाराला 'मी बेशुद्ध पडले' असं ऐकू येतं. तिथे 'आय ग्रॅज्युएटेड' म्हण. 'कोप अप विथ'मधला 'अप' काढून टाक, 'कोप विथ' (निभावून नेणे) एवढंच आहे. लाइट 'क्लोज' होत नाही, 'टर्न ऑफ' होते.

अर्जात आणि ऑफिसच्या पत्रात 'पुट ऑफ'ऐवजी 'पोस्टपोन', 'पुट अप विथ'ऐवजी 'टॉलरेट' शोभतं. मात्र 'कॅरी आउट', 'सेट अप', 'लुक इंटू द मॅटर' औपचारिक लिखाणातही चालतात, ते घाबरून काढू नकोस. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, पण थट्टेच्या सुरात; तो कुणाच्या निधनाच्या पत्रात चुकूनही येऊ देऊ नकोस. तिथे 'पास्ड अवे' लिही. पुढच्या पत्रासोबत 'ऑफ'च्या पानावरची पाच वाक्यं पाठव, प्रत्येकात एकदा नाम आणि एकदा सर्वनाम घालून.