वेग मर्यादेतच होता, पावसात गाडी घसरली, मग अपघाताला जबाबदार मी कसा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रात्रीची वेळ, मुसळधार पाऊस, ८०ची मर्यादा असलेला रस्ता आणि तुम्ही ७०वर. पुढच्या गाडीने एकदम ब्रेक मारला, तुम्हीही मारला, पण गाडी घसरत जाऊन तिच्यावर आदळली आणि त्यातल्या बाईंचा खांदा मोडला. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे. तुमचं म्हणणं, पाऊस काही माझ्या हातात नव्हता आणि पुढच्या गाडीचे मागचे दिवेही लागलेले नव्हते.

मी अठरा वर्षं अपघाताचे क्लेम तपासते आहे. वकील नाही, पण वकील ज्या अहवालावर भांडतात तो लिहिणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे जे आहे तेच सांगते. बरीचशी जबाबदारी तुमच्यावर येण्याची शक्यता मोठी आहे. सगळीच येईल असं मात्र नाही, आणि त्या दिव्यांचा मुद्दा तुम्ही शेवटी जाता जाता लिहिला आहे, तो तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आधी पावसाचं. पाऊस पडतोय हे तुम्हाला दिसत होतं. कायदा इथूनच सुरुवात करतो. पाऊस कोणी पाडला हे तो विचारत नाही; पाऊस दिसल्यावर तुम्ही काय बदललंत, एवढंच विचारतो. वेग कमी केला का, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवलं का, काहीच दिसेनासं झालं तर बाजूला थांबलात का. जे घडू शकतं हे शहाण्या माणसाला आधी कळायला हवं, त्याची तजवीज न करणं म्हणजेच हयगय.

पाटीवरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. रस्ता-वाहतुकीवरचा १९६८चा व्हिएन्ना करार पुष्कळ देशांनी स्वीकारला आहे. त्यात चालकावर बंधन आहे की हवामान, रस्त्याची अवस्था, गाडीची अवस्था आणि तिच्यातलं वजन बघून वेग ठरवायचा, आणि तो असा की नजर पोचते तेवढ्या टप्प्यात गाडी थांबली पाहिजे. काही देशांनी हे आकड्यांतच बांधलं आहे. फ्रान्समध्ये मोटरवेवरची १३०ची मर्यादा पाऊस आला की ११० होते. जर्मनीत धुकं, पाऊस किंवा बर्फामुळे ५० मीटरच्या पुढचं दिसत नसेल तर ५०च्या वर जाता येत नाही. जिथे असे आकडे दिलेले नाहीत तिथेही कोर्टं याच तत्त्वावर चालतात.

आता तुमचं ७० घेऊ, कारण ते एकदा आकड्यांत बघितलं की वाद बराच मिटतो. ७०च्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १९ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला तर ते १९ मीटर गेलेच. मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २८ मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर ४८च्या आसपास. म्हणजे कोरड्यात एकूण ४७, ओल्यात ६७. मधले हे २० मीटर म्हणजे तुमचा अपघात. त्याच ओल्या रस्त्यावर ५५ने चालला असतात तर गाडी ४५ मीटरमध्ये थांबली असती. पकड टायरवर आणि डांबरावर अवलंबून असते, आकडे थोडे पुढेमागे होतील. पण समोरचा वकील हेच मांडेल, आणि ते खोडणं अवघड आहे. शिवाय मागून धडक म्हटलं की बऱ्याच ठिकाणी मागच्याने अंतर राखलं नाही असंच आधी धरलं जातं. तसं नव्हतं हे दाखवणं मग तुमच्या अंगावर येतं.

‘दैवी आपत्ती’ म्हणून सुटका होते का? होते, पण फार अरुंद वाटेने. वादळात झाड नेमकं गाडीपुढे कोसळलं, पूल वाहून गेला, तर त्यात कोणाची चूक काढणार? कसलीही चाहूल नसताना रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा थर लागला तर तेही काही कोर्टं ऐकून घेतात. पण अर्धा तास धो धो पाऊस चालू आहे आणि गाडी घसरली, यात अनपेक्षित काय? फ्रान्सच्या १९८५च्या कायद्याने तर जखमी माणसासमोर दैवी आपत्तीचा बचाव घ्यायलाच बंदी केली आहे. मला हे पटतं. खांदा मोडलेल्या बाईंना ‘निसर्गाकडे भरपाई मागा’ असं कोणी सांगावं?

रस्त्यावर पाणी तुंबलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच जागी नेहमी तळं साचतं, गटार बुजलेलं आहे, आधी तक्रारी झाल्या आहेत, असं असेल तर रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेवरही दावा उभा राहू शकतो. त्यांना ठाऊक होतं हे दाखवावं लागतं, आणि मुदती बऱ्याच ठिकाणी कमी असतात, म्हणून वकिलाला आजच विचारा.

आता दिवे. मुसळधार पावसात रात्री मागचे दिवे न लावता कोणी चालत असेल तर ती त्याचीही हयगय आहे. बहुतेक देशांत अशा वेळी जबाबदारीची टक्क्यांत वाटणी होते आणि भरपाई त्याच प्रमाणात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया, मेरीलँड अशा मोजक्या राज्यांत अजून जुना कडक नियम आहे, दावा करणाऱ्याची थोडी जरी चूक निघाली तरी त्याला काहीच मिळत नाही. मात्र एक लक्षात ठेवा. गाडी जर त्या बाई स्वतः चालवत नसतील, नुसत्या बसलेल्या असतील, तर चालकाची चूक त्यांच्या माथी मारता येत नाही. तेव्हा वाटणी तुमच्यात आणि त्या चालकात होईल, बाईंना त्यांची भरपाई मिळेलच.

दिवे बंद होते हे सिद्ध कसं करायचं? नुसत्या तुमच्या शब्दावर नाही. धुक्यातल्या एका अपघातात मागून धडकलेल्या चालकाला सगळ्यांनी दोषी ठरवून टाकलं होतं. पुढच्या ट्रकचा फुटका मागचा दिवा मी काढून घेतला आणि बल्ब भिंगाखाली धरला. आतली तार मधेच तुटली होती, पण तिची वेटोळी तशीच घट्ट, एकसारखी होती. पेटलेल्या बल्बची तार तापून मऊ झालेली असते. दणका बसला की वेटोळी ताणली जातात, लोंबतात. थंड तार कडकन तुटते. म्हणजे दणका बसला तेव्हा तो दिवा पेटलेला नव्हता. त्या एका बल्बमुळे अख्ख्या क्लेमचं चित्र पालटलं. एलईडी दिव्यांत तार नसते, तिथे हे चालत नाही. मग डॅशकॅम, रस्त्यावरचे कॅमेरे आणि साक्षीदार बघायचे. तुमच्या स्वतःच्या गाडीतलं यंत्रही धडकेआधीच्या साधारण पाच सेकंदांचा वेग आणि ब्रेक नोंदवून ठेवत असेल. ती नोंद तुमच्या बाजूने असो की विरुद्ध, पुसली जाणार नाही असं बघा.

फौजदारी बाजूची भीती मनात असेल तर, तो हिशेब निराळा. भरपाईच्या दाव्यात ‘अमुक असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं, शिक्षेसाठी गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. एकात जबाबदार ठरलात म्हणून दुसऱ्यात दोषी ठराल असं नाही. आणि विमा असेल तर नोटीस आजच्या आज कंपनीला कळवा, परस्पर उत्तर देऊ नका.

त्या बाईंची चौकशी करावीशी वाटते असं तुम्ही लिहिलं आहे. करा. ‘तुम्हाला लागलं याचं वाईट वाटतं’ म्हणणं आणि ‘चूक माझी’ असं लिहून देणं यात फरक आहे. इंग्लंडमध्ये तर २००६पासून कायद्यातच लिहिलेलं आहे की नुसती माफी म्हणजे जबाबदारीची कबुली नव्हे. तुमच्याकडे काय आहे ते वकिलाला विचारा, पण त्या भीतीने माणुसकी आखडती घेऊ नका.

आणि गाडी अजून गॅरेजला दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर टायर बदलू नका म्हणून फोन करा. चारी टायरच्या खाचांची खोली मोजून, मोजपट्टी दिसेल असे फोटो काढून ठेवा. पुष्कळ देशांत किमान १.६ मिलिमीटर लागते, नव्या टायरला ८च्या आसपास असते. ती खोली कमी निघाली तर तुमची बाजू आणखी पडेल, कारण झिजलेला टायर पाणी बाजूला ढकलू शकत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते. तरीही मोजा. पुढच्या गाडीचे मागचे दिवे जपून ठेवावेत अशी मागणी वकिलामार्फत आजच लेखी करा; ती गाडी एकदा दुरुस्त झाली की तो बल्ब कचऱ्यात गेलेला असेल.