देणगीची पावती असूनही कलम ८०जी ची (देणगीवर मिळणारी) वजावट नाकारली, आता काय करायचं?

१९६१ च्या आयकर कायद्याखालचा दावा असेल तर घोळ बहुधा देणगी घेणाऱ्या संस्थेच्या फॉर्म १०बीडीमध्ये, म्हणजे तिने आयकर विभागाला दिलेल्या देणग्यांच्या विवरणात असतो. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून संस्थेने तो भरायचा असतो. त्यात तुमच्या पॅनचं एक अक्षर जरी चुकलं, तरी दावा जुळत नाही. म्हणून नुसत्या पावतीवर थांबू नका, संस्थेकडून फॉर्म १०बीई (देणगीचं प्रमाणपत्र) मागा आणि त्यावरचा एआरएन (देणगीचा संदर्भ क्रमांक), पॅन, रक्कम रिटर्नशी ताडून पाहा. चूक त्यांची असेल तर सुधारित १०बीडी भरायला सांगा. समायोजनाची, म्हणजे वजावट काढून टाकण्याच्या प्रस्तावाची सूचना आयकर विभागाकडून आली असेल तर ३० दिवसांत आयकर पोर्टलवर असहमती नोंदवा. आदेश निघाला असेल तर कलम १५४ खाली दुरुस्ती मागा. २,००० रुपयांवरची रोख देणगी मात्र धरतच नाहीत आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही.