चाकरी सोड, बाळा, तू लेकरू आहेस

बाळा, रविवारी वाशीला उपासना संपल्यावर तू म्हणालास, "काका, या आठवड्यात प्रार्थना झाली नाही, आता देवाला काय तोंड दाखवू?" तेव्हापासून तुझं बोलणं मनातून जात नाही.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय सावकाश वाच. घर सोडून गेलेला, सगळं उधळून बसलेला धाकटा मुलगा बापाकडे परत येताना वाटेत घोकत येतो, 'मला चाकरासारखं ठेवा.' पण ते वाक्य तोंडातून निघायच्या आतच बाप झगा, अंगठी, जोडे मागवतो. चाकराच्या पगारावर बोलणं होतच नाही. तू अजून ते घोकलेलं वाक्यच बोलतो आहेस.

मार्काच्या शुभवर्तमानात बघ, यार्देन नदीवर बाप्तिस्म्याच्या वेळी 'तू माझा प्रिय पुत्र' ही वाणी आली तेव्हा येशूने एकही चमत्कार केलेला नव्हता. हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रेषित पौल रोमकरांना पत्रात, देव आपल्याला दत्तक घेतो त्याबद्दल लिहितो, आणि रोमी माणसाला ते बरोब्बर कळायचं. रोमी सम्राट ऑगस्टसने इ. स. ४ मध्ये टायबेरियसला दत्तक घेतलं, इ. स. १४ मध्ये तोच सम्राट झाला. दत्तकाला वारसा पूर्ण मिळायचा. रोमकरांस ८:१५ ते १७ पाठच कर.

ऑफिसातलं अप्रेझल, घरच्यांची नाराजी, हे सगळं राहीलच. घरच्यांशी वाद घालू नकोस, आईची सेवा कर. सकाळी ऐरोलीला जाताना लोकलमध्ये डोळे मिटून आधी "अब्बा, बापा" म्हण, मागणं नंतर. चुकलास तर त्याच दिवशी देवाला सांगून टाक, रविवारची वाट बघू नकोस. आणि बुधवारी घरी ये, योहानाचं पहिलं पत्र सोबत वाचू.