झटका जाणवला नाही म्हणजे रॅम वाचली असं नाही

थंडी पडली की स्थिर विजेचे प्रश्न यायला लागतात, आणि ते यायलाच हवेत, कारण पीसी खराब करणारी ही गोष्ट डोळ्याला दिसत नाही आणि बऱ्याचदा हातालाही कळत नाही. यावेळी पाच प्रश्न घेतोय.

प्रश्न (नागपूर): दादा, डिसेंबरमध्ये स्वेटर काढताना चटचट होतं, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. पण पीसी उघडताना मला आजवर कधी झटका बसला नाही. मग रिस्ट स्ट्रॅप खरंच लागतो का?

लागतो. रिस्ट स्ट्रॅप म्हणजे मनगटाला बांधायचा पट्टा, त्याच्या वायरची क्लिप कॅबिनेटला लावायची, म्हणजे अंगावरचा चार्ज निघून जातो. बघा, आपल्याला झटका जाणवतो तोच मुळात साधारण 3000 व्होल्टच्या वर गेल्यावर, त्याच्या खाली अंगावरून कितीही चार्ज निघून गेला तरी आपल्याला पत्ता लागत नाही, आणि काही नाजूक चिप तर 100 व्होल्टच्या आतही खराब होतात. चिपच्या आत ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे बारीक स्विचच्या, गेटखाली ऑक्साइडचा थर असतो तो काही नॅनोमीटरचा, त्याला भोक पडायला कितीसं लागणार. म्हणजे तुम्हाला काहीच जाणवलं नाही आणि रॅम खराब झाली, असं अगदी होऊ शकतं.

आणि वाईट भाग हा की चिप दरवेळी लगेच मरत नाही. नुसती दुखावते. पीसी चालू होतो, आपण खूश, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मधूनच हँग, मधूनच निळी स्क्रीन, तेव्हा आपण विंडोजला शिव्या देतो. माझ्याकडे सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाईकाचा पीसी असाच तीन वेळा परत आला होता, मी फॉरमॅट करतोय, ड्रायव्हर टाकतोय, शेवटी रॅम बदलली आणि बंद झालं. ती रॅम मीच बसवली होती, थंडीत, लोकरी स्वेटर घालून. हातूनच झालं असं सिद्ध करता येत नाही, पण तेव्हापासून स्ट्रॅपशिवाय रॅमला हात लावत नाही.

प्रश्न (रत्नागिरी): आमच्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट की कपडे वाळत नाहीत. मग आम्हाला हे सगळं करायची गरज नाही ना?

धोका कमी, पण संपला असं नाही. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा बारीक थर बसतो आणि चार्ज त्यावरून निघून जातो. नेहमी सांगितले जाणारे आकडे असे आहेत की अगदी कोरड्या हवेत व्हिनाइलच्या फ्लोअरिंगवर चाललं तर अंगावर 12,000 व्होल्टपर्यंत साठतात आणि दमट हवेत तेच 250 वर येतं. टेबलावरची साधी प्लास्टिक पिशवी उचलली तर कोरड्यात 20,000, दमट हवेत 1,200. आता वरचा 100 चा आकडा आठवा, म्हणजे कळेल मी का सांगतोय. आणि तुम्ही एसी लावून बसत असाल तर खोलीतली हवा कोरडी होते, मग बाहेर कितीही पाऊस असू दे.

प्रश्न (डोंबिवली): आमची बिल्डिंग जुनी आहे, बोर्डला अर्थिंग आहे की नाही माहीत नाही. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं. स्ट्रॅपची क्लिप कुठे लावू?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. मुंग्या येतात ती स्थिर वीज नव्हे. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते कॅबिनेटला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर मेन्सच्या, म्हणजे घरातल्या 230 व्होल्टच्या, निम्म्याच्या आसपास, म्हणजे 115 व्होल्टजवळ काहीतरी येऊन बसतं, करंट अगदी थोडा पण टेस्टर लावला तर पेटतो. तेव्हा आधी वायरमनला बोलवून अर्थिंग करून घ्या, पीसीचं काम नंतर, हे मी हात जोडून सांगतोय.

तोपर्यंत काय, तर पॉवर कॉर्ड पूर्ण काढा. फक्त शटडाऊन पुरेसं नाही, कारण बंद पीसीतही मदरबोर्डवर 5 व्होल्ट स्टँडबाय चालू असतं. कॉर्ड काढल्यावर पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, आणि मग क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या, उघड्या धातूवर लावा. लोकांना वाटतं चार्ज जमिनीतच गेला पाहिजे. अर्थिंग मिळालं तर उत्तमच, पण बोर्ड वाचतो तो तुम्ही, कॅबिनेट आणि हातातला पार्ट तिघं एकाच पातळीवर आल्यामुळे, फरकच नसेल तर ठिणगी पडेल कशाला? म्हणून नवीन पार्ट पिशवीतून काढायच्या आधी ती पिशवी कॅबिनेटला टेकवायची.

आणि स्ट्रॅप विकतचाच घ्या, घरी तांब्याची तार मनगटाला बांधू नका. विकतच्या स्ट्रॅपमध्ये 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतो, चुकून 230 व्होल्टला हात लागला तर त्यातून पाव मिलीअँपपेक्षाही कमी करंट जातो. तारेत तो नसतो, जीवावर बेतेल.

प्रश्न (सोलापूर): करंट लागू नये म्हणून मी रबरी चप्पल घालून काम करतो. आणि ऑनलाइन बिनवायरचा बँड मिळतो तो चालेल का?

चप्पल मेन्सपासून वाचवायला बरी, स्थिर विजेसाठी उलटी, अंगावरचा चार्ज ती जाऊच देत नाही. कॉर्ड काढलेली असेल तर शहाबादी फरशीवर अनवाणी बसलेलं बरं. बिनवायरच्या बँडवर पैसे घालवू नका, चार्ज जायला वाटच नाही त्यात.

प्रश्न (पुणे): मदरबोर्ड दुकानात न्यायचाय, मूळ पिशवी फेकून दिली. गुलाबी पिशवी आहे, थर्माकोलही आहे.

थर्माकोल अजिबात नको, बोर्डला टेकवूही नका, त्याच्याइतका चार्ज धरणारं घरात क्वचितच काही असेल. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज तयार करत नाही इतकंच, बाहेरून आलेला झटका ती अडवत नाही. चंदेरी पिशवीत धातूचा पातळ थर असतो तो अडवतो, म्हणून तीच हवी, ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडे मागा, त्यांच्याकडे पडलेल्या असतात, फक्त फाटकी घेऊ नका. बोर्ड पूर्ण आत गेला पाहिजे आणि तोंड दुमडून चिकटपट्टी लावायची, पण पट्टी बोर्ड आत ठेवायच्या आधीच रोलवरून ओढून ठेवा, कारण ओढताना तीसुद्धा चांगलीच चार्ज होते.