दारुहळदीचा काढा अँटिबायोटिकच्या ऐवजी चालेल का?

प्रश्न : ताई नमस्कार, सासूबाईंना परत लघवीचं इन्फेक्शन झालंय, कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू निघाला, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिली. पण भावजी सियागंजातून रसौत, म्हणजे दारुहळदीचा आटवलेला अर्क, घेऊन आलेत, म्हणतात गोळ्यांनी रेझिस्टन्स होतो, म्हणजे जंतूंवर औषध चालेनासं होतं, दारुहळदीने सगळे जंतू मरतात, व्हॉट्सअ‍ॅपवर पण तेच आलंय. सासूबाईंना शुगर आहे. काय करू?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : भावजींचं अर्धं बरोबर आहे, आणि सगळा घोळ त्या अर्ध्यानेच होतो. दारुहळदीतलं बर्बरिन जंतू मारतं, लसूण ठेचल्यावर तयार होणारं अ‍ॅलिसिनही मारतं, लवंगेतलं युजेनॉल तर दातांचे डॉक्टर आजही वापरतात. पण मारतं हे बघितलं कुठे, तर बहुतेक वेळा लॅबमधल्या ताटलीत, जिथे अर्क थेट जंतूवर पडतो. सासूबाईंच्या पोटातून तो रक्तात, मग किडनीतून लघवीत पोचायला हवा ना, आणि बर्बरिन तोंडाने घेतलं तर फारच थोडं रक्तात उतरतं. आतड्यात राहतं म्हणून जुलाबात कामाला येतं, १९८७ मध्ये बांगलादेशातल्या एका ट्रायलमध्ये ई. कोलायच्याच जुलाबात फायदा दिसला होता. मूत्राशयाची गोष्ट वेगळी.

शिवाय ई. कोलायला बाहेरून जास्तीचा पडदा असतो, आणि आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप असतात, बर्बरिन तर ते लगेच फेकतात. आता गंमत बघा, दारुहळदीच्या अमेरिकेतल्या भावंडांत बर्बरिनच्या जोडीला आणखी एक पदार्थ सापडला, तो स्वतः जंतू मारत नाही, फक्त पंप बंद पाडतो आणि मग बर्बरिन आत टिकतं! हे २००० साली दाखवलं गेलं, पण स्टॅफिलोकॉकसवर, म्हणजे वेगळ्या जंतूवर. मला तर वनस्पतींकडून खरी आशा इथेच वाटते, अँटिबायोटिकला हटवण्यात नाही, तिला साथ देण्यात. पण पंप बंद पाडून अँटिबायोटिकला मदत करणारं औषध अजून केमिस्टकडे मिळत नाही, आणि रसौतीच्या खड्यात किती बर्बरिन आहे हे दुकानदारालाही माहीत नसतं.

मलेरियाचं आर्टेमिसिनिन वनस्पतीतूनच आलं, त्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं, पण त्यांना आधी हेच कळलं की उकळलं तर गुण जातो, म्हणून कमी तापमानाला ईथर या द्रावकाने अर्क काढला. काढा म्हणून ते चाललं नसतं.

रेझिस्टन्सची भीती खरी आहे, नाही म्हणत नाही, सर्दीखोकल्यात उगीच अँटिबायोटिक घेऊ नका, तिथे आल्याचा काढा खुशाल प्या. इथे मात्र कल्चरचा कागद काढा, औषधांच्या नावापुढे एस किंवा आर लिहिलेलं असतं, एस म्हणजे त्या जंतूवर चालतं, आर म्हणजे नाही. दिलेली गोळी एसमध्ये असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा, आरमध्ये असेल तर रिपोर्ट घेऊन आजच परत जा. थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर पाठ दुखली किंवा उलट्या झाल्या तर रात्रीसुद्धा थांबू नका.

आणि रसौत सध्या डब्यातच राहू द्या, बर्बरिनने साखर खाली जाते, शुगरच्या गोळ्यांवर ते चढवलं तर चक्कर येऊन पडू शकतील.